मेयोतला पाद्री, नसलेला जनरल आणि फाटलेली कॉलर

पावसाळी_पाहुणी

गॉलवेत राहायला येऊन तीन वर्षं झाली, पण वेस्टपोर्टला जाणं होत नव्हतं. गेल्या शनिवारी गेलो एकदाचे. क्रोक पॅट्रिक चढायचा बेत होता. इथले लोक त्याला नुसतं 'द रीक' म्हणतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक यात्रेला येतात आणि काही जण अजूनही अनवाणी चढतात. आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा डोंगर ढगात गडप आणि पाऊस आडवा. नवरा म्हणाला, पंढरीच्या वाटेवर पाऊस लागला तर वारकरी परत फिरतात का? मी म्हटलं, वारकऱ्यांच्या पायात हे असले गुळगुळीत तळाचे बूट नसतात. परत फिरलो.

मग गावात जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. शिवण उसवलेलं, पाठीवरचा सोनेरी रंग उडालेलं एक पुस्तक दोन युरोला मिळालं. 'स्पॅनिश गोल्ड', १९०८. लेखक जॉर्ज ए. बर्मिंगहॅम. दुकानदार आजोबांनी पुस्तक कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं की हा माणूस इथल्याच प्रॉटेस्टंट चर्चचा पाद्री होता, आणि त्याचं नाटक गावात आलं तेव्हा गावाने रंगमंच मोडला होता. एवढं कानावर पडल्यावर पुस्तक शेल्फात ठेवून चालतं का! आठवडाभर जेवताना, बसमध्ये, रात्री उशीखाली फोन धरून त्याचंच वाचतेय.

तर खरं नाव जेम्स ओवेन हॅने. जन्म १८६५, बेलफास्ट. वडील पाद्री. शिक्षण इंग्लंडमधल्या निवासी शाळेत आणि मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८८९ मध्ये दीक्षा घेतली, त्याच वर्षी एडा विन या बिशपच्या मुलीशी लग्न. विक्लो परगण्यात डेलगनी गावी काही वर्षं सहायक पाद्री म्हणून काढली आणि १८९२ मध्ये वेस्टपोर्टला मुख्य पाद्री म्हणून आला. तिथे सलग २१ वर्षं राहिला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला. मेयो म्हणजे आयर्लंडचं पश्चिम टोक. गाव जवळजवळ सगळं कॅथलिक. हॅनेचं चर्च ऑफ आयर्लंड हे अँग्लिकन, म्हणजे जमीनदारांचं, अधिकाऱ्यांचं, मूठभरांचं. चर्च देखणं (१८७२ मध्ये बांधून झालं, आत भिंतींवर संगमरवराचं जडावकाम आहे), पण रविवारी बाकं भरायला माणसं कुठून आणायची? तेव्हा रेव्हरंडसाहेबांकडे वेळ भरपूर आणि पगार बेताचा. साहेबांनी आधी वाळवंटातल्या प्राचीन ख्रिस्ती संन्याशांवर दोन जाडजूड, विद्वत्तापूर्ण पुस्तकं लिहिली, १९०३ आणि १९०४ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी टोपणनावाने कादंबरी.

बर्मिंगहॅम म्हटलं की आपल्याला इंग्लंडचं गाव आठवतं, पण कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांतात हे जुनं आडनावही आहे. म्हणजे टोपणनाव तसं गावातलंच. फार दिवस लपलं मात्र नाही.

त्या पहिल्या कादंबरीत, 'द सीदिंग पॉट'मध्ये, एक कॅथलिक पाद्री आहे. गावच्या कॅथलिक पाद्र्याला वाटलं, हा मीच! झालं, तेव्हापासून ठिणगी. आणि गंमत बघा, हा प्रॉटेस्टंट पाद्री स्वतः गेलिक लीगचा माणूस. आयरिश भाषा टिकली पाहिजे म्हणून धडपडणाऱ्या या संस्थेच्या कार्यकारिणीवर होता, तिच्या संस्थापकांपैकी डग्लस हाइडचा मित्र, सिन फेन या राष्ट्रवादी पक्षाच्या आर्थर ग्रिफिथशी ओळख. त्यामुळे स्वतःच्या जातभाई जमीनदारांनाही तो डोळ्यांत खुपत होता. १९०६ मध्ये क्लेरमॉरिसच्या भाषा-महोत्सवाच्या समितीतून त्याला बाहेर ठेवलं. इकडचे म्हणतात तू तिकडचा, तिकडचे म्हणतात तू इकडचा.

पुढे लिहिते, मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली.

चिंचगूळ

मस्त ताई! खुर्ची टाकून बसलेय. रंगमंच मोडल्याचं आधी सांगा, बाकी नंतर.

अवांतर_अण्णा

वेस्टपोर्टसमोरच्या क्लू बे या खाडीत वर्षाचे दिवस तेवढी बेटं आहेत असं तिथले लोक सांगतात. मोजायला कोणी गेलं नसावं. त्यातलं एक, डॉरिनिश, १९६७ मध्ये बीटल्सच्या जॉन लेननने विकत घेतलं होतं. जाता जाता, लेखक स्वतः या खाडीत शिडाची होडी घेऊन हिंडायचा, म्हणून त्याच्या पुस्तकांत वारा आणि ओहोटी अगदी बरोबर असतात.

इतिहासाचा_मास्तर

पाहुणीताई, चांगला विषय काढलात. मेयो परगणा म्हटला की माझ्यासारख्याला आधी दुसरंच नाव आठवतं: कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभारी, बॅलिनरोबजवळ लॉख मास्कच्या काठी राहायचा. १८८० मध्ये लँड लीग या कुळांच्या संघटनेने कुळांना सांगितलं, याच्याशी व्यवहार तोडा. धोबी बंद, पोस्टमन बंद, शेतमजूर बंद. शेवटी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नासेक मजूर आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक आणून त्याचं पीक काढलं. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पहाऱ्यावर. तिथून 'बॉयकॉट' शब्द जगभर गेला, आणि पंचवीस वर्षांनी लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' म्हणून आपल्याकडे बसला. 'होमरूल'ही तिकडचंच. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला.

सांगायचा मुद्दा हा की हॅने १८९२ मध्ये आला तेव्हा त्या प्रकरणाला बारा वर्षं झाली होती. वाळीत टाकण्याचं शास्त्र त्या परगण्याला नवं नव्हतं. पाद्रीबुवा कुठे विनोद करताहेत, ते लक्षात घ्या.

पावसाळी_पाहुणी

मास्तर, हे मला सुचलंच नव्हतं! धन्यवाद.

चिंचगूळ, थांब जरा, दंग्याच्या आधी त्याची पुस्तकं. पहिल्या दोन-तीन कादंबऱ्या गंभीर आहेत. 'हायसिंथ' (१९०६) मधला नायक गरीब प्रॉटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, कॉनमाराचा. ट्रिनिटी कॉलेजात जातो तेव्हा दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचं बोअरांशी युद्ध चालू, सगळे विद्यार्थी राणीच्या नावाने गळे काढताहेत, आणि हा एकटा बोअरांच्या बाजूचा. पुढे तो एका छोट्या लोकर गिरणीत चिकटतो. पण शेजारी कॅथलिक नन्सनी चालवलेला कारखाना असतो. त्यांना सरकारी मदत आणि देणग्या, मजुरी नाममात्र. गिरणी बुडते. हे छापून आल्यावर कॅथलिक मंडळी किती खूश झाली असतील, कल्पना करा.

मग १९०८ मध्ये गडी एकदम सुटला. 'स्पॅनिश गोल्ड'! जे. जे. मेल्डन नावाचा लाल केसांचा सहायक पाद्री आणि त्याचा मित्र मेजर केंट. आर्माडा या जुन्या स्पॅनिश आरमाराच्या बुडालेल्या जहाजाचा खजिना इनिशगाउलन बेटावर आहे असा सुगावा लागतो आणि दोघं होडी घेऊन निघतात. बेटावर हिगिनबॉटम नावाचा सरकारी माणूस. तो 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डा'चा. हे मंडळ खरं होतं, १८९१ मध्ये निघालेलं. 'कंजेस्टेड' म्हणजे गर्दीचा भाग नव्हे, जिथली जमीन माणसं पोसू शकत नाही असा भाग. मंडळ जमिनी नव्याने वाटायचं, धक्के बांधायचं. तर हा गृहस्थ बेटाच्या जमिनीचे सुबक चौकोन पाडून वाटायला आलाय, आणि थॉमस ओफ्लाहर्टी पॅट नावाचा एक म्हातारा आपली जमीन सोडायला तयार नाही. त्याला फक्त आयरिश येतं, म्हणजे तो तसं भासवतो. का सोडत नाही, ते तुम्ही ओळखलं असेलच.

मेल्डन दर भेटणाऱ्याला नवी थाप मारतो. थाप उघडी पडायची वेळ आली की ती मागे घेत नाही, तिच्यावर दुसरी चढवतो. पुढे आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी, म्हणजे प्रत्यक्ष राज्य चालवणारा मंत्री, बेटावर उतरतो आणि त्यालाही हा पठ्ठ्या सोडत नाही. मेजर बिचारा प्रत्येक वेळी म्हणतो, जे. जे., हे खोटं आहे. आणि जे. जे. त्याला नीतिशास्त्रावर प्रवचन देतो. हे प्रवचन लिहिणारा माणूस रविवारी खरोखरचं प्रवचन द्यायचा, हे डोक्यात ठेवून वाचलं की जास्त मजा येते.

खडूस_वाचक

वाचतोय. पण एक विचारतो, रागावू नका. साहेबाच्या शाळेत शिकलेला माणूस, अडाणी बेटवासीयांची थट्टा लिहितो, पुस्तक लंडनमध्ये छापतो, लंडनवाले पोट धरून हसतात, पैसे याला. हा विनोदाचा कोणता प्रकार? आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या लेखकांनी गावाकडची भाषा वेडीवाकडी लिहून हशे मिळवले तेव्हा गावाकडच्या वाचकांना कसं वाटलं, ते जरा आठवा.

मी_आपली_उगीच

खडूसराव आले, म्हणजे धागा शंभरी गाठणार.

वसईचा_बावकर

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे फादर म्हणजे घरचा माणूस. बारशाला, लग्नाला, भांडणात, जमिनीच्या कागदात, सगळीकडे. आमच्या धर्मग्रामात सणाच्या नाटकात एकदा एका पोराने थट्टेखोर फादर रंगवला होता. संवाद कुणालाच खटकले नाहीत. खटकला तो झगा, कारण त्याने तो देवळाच्या कपाटातून आणला होता, खरा. दोन म्हाताऱ्या उठून गेल्या आणि पोराला आठवडाभर घरी कुणी धड बोललं नाही. संवादाला माफी असते, झग्याला नसते. म्हणून विचारतो, पाहुणीताई, शीर्षकातली ती फाटलेली कॉलर कुणाची?

पावसाळी_पाहुणी

बावकर, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. सांगते.

नाटकाचं नाव 'जनरल जॉन रीगन'. जानेवारी १९१३ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरात लागलं, चार्ल्स हॉट्री मुख्य भूमिकेत. जोरात चाललं. त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही गेलं आणि कादंबरीही निघाली. मी कादंबरी वाचलीय, तिच्यावरून सांगते.

बॅलिमॉय नावाचं मरगळलेलं गाव. दुपार. पोलिसचौकीत एक सार्जंट आणि एक शिपाई जांभया देताहेत. लेखक पहिल्याच वाक्यात सांगतो की आयर्लंडमधली पोलिसचौकी स्वच्छ असते, कधीमधी देखणीही असते, पण आरामाची कधीच नसते. चौकात चिटपाखरू नाही. एवढ्यात एक मोटार येते. आत अमेरिकन पाहुणा, होरेस पी. बिलिंग. हॉटेलात उतरतो आणि विचारतो, तुमच्या गावचे थोर सुपुत्र, बोलिव्हियाचे मुक्तिदाते जनरल जॉन रीगन, त्यांचा पुतळा कुठे आहे?

हे नाव कुणी कधी ऐकलेलं नाही. पण पाहुणा पैसेवाला दिसतोय, आणि 'ठाऊक नाही' म्हणणं गावाच्या इभ्रतीला बरं दिसत नाही. हॉटेलवाला डॉयल घाबरून डॉक्टर ओग्रेडीला बोलावतो. कर्जात बुडालेला, डोकं विजेसारखं चालणारा हा डॉक्टर म्हणजे मेल्डनचाच भाऊ. तो क्षणात म्हणतो, पुतळा अजून उभारलेला नाही साहेब, पण समिती नेमायच्याच बेतात आहोत! आणि समिती नेमली जाते. कॅथलिक फादर मॅकॉर्मॅक आला, 'कॉनॉट ईगल' या देशभक्त वर्तमानपत्राचा संपादक आला, मेजर केंट आला (हो, तोच). एक पडकं घर जनरलचं जन्मस्थान ठरतं. हॉटेलातली मोलकरीण मेरी एलन ही जनरलच्या नात्यातली ठरते. पुतळा डॉयलच्या डब्लिनमधल्या भाच्याकडून. त्याने कुण्या मयत सरकारी मानकऱ्याचा बनवला होता, घरच्यांनी पैसे दिले नाहीत म्हणून पडून होता. अंगावर गणवेश आहे ना, मग जनरलच की! अनावरणाला थेट लॉर्ड लेफ्टनंटना, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीला आमंत्रण, आणि त्याच झपाट्यात सरकारकडे गावासाठी धक्क्याची मागणी.

फुलांचा गुच्छ कुणी द्यायचा यावरून दोन अधिकाऱ्यांच्या बायकांत जे शीतयुद्ध होतं, ते वाचताना मला आमच्या सोसायटीचा गणपती आठवला. शेवटी लॉर्ड लेफ्टनंट येतच नाहीत. त्यांचा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, तणतणत येतो, कारण सरकारला उशिरा का होईना पत्ता लागलाय की असा जनरल जगात झालाच नाही. तोवर पुतळा उभा, बँड सज्ज, माणसं जमलेली. डॉक्टर म्हणतो, आता आलाच आहात तर दोरी ओढा.

आता दंगा. १९१३ मध्ये हॅने वेस्टपोर्ट सोडून गेला होता. फेब्रुवारी १९१४ मध्ये एक फिरती नाटक कंपनी हा प्रयोग घेऊन वेस्टपोर्टच्या टाऊन हॉलमध्ये आली. प्रेक्षकांत तरुण पोरांची झुंड. फादर मॅकॉर्मॅक झालेला नट रंगमंचावर आला आणि गर्दी उसळली. रंगमंचावर चढले, नटाला मारलं, त्याची पाद्र्याची कॉलर ओरबाडली, पडदे आणि सामान मोडलं. पोलिसांनी दंडुके चालवले. बऱ्याच पोरांना पकडलं, खटले झाले.

म्हणजे बावकर, तुमच्या गावच्या म्हाताऱ्या आणि वेस्टपोर्टची पोरं एकाच गोष्टीवर चिडली.

चिंचगूळ

बाप रे. आणि लेखक स्वतः पाद्री! म्हणजे त्याच्याही गळ्यात तशीच कॉलर.

वसईचा_बावकर

तीच तर खोच आहे. तो आपल्या पंथातल्या पाद्र्याला कितीही हसू देत. मेल्डन त्याच्याच पंथाचा, त्यावर कोणी दगड मारले का? नाही. पण दुसऱ्याच्या पंथाचा पाद्री, तोही कॅथलिकांनी शतकानुशतकं ज्या पंथाच्या हातचा मार खाल्ला त्या पंथाच्या लेखणीतून, आणि त्याला पगारी नट रंगवतोय. फादर मॅकॉर्मॅक हा भला माणूस दाखवलाय असं ताईंच्या सांगण्यावरून दिसतं. तरी दुखलं असणार. मारझोड वाईटच, पण दुखणं मला कळतं.

इतिहासाचा_मास्तर

एक संदर्भ जोडतो. १९०७ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात जॉन सिंगच्या 'प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड'वरून असाच गदारोळ झाला होता. तेही मेयोच्या किनाऱ्यावर घडणारं नाटक, आणि तोही लेखक प्रॉटेस्टंट. मेयोच्या माणसाला रंगमंचावर कसं दाखवायचं हा त्या वर्षांत राजकारणाचा प्रश्न होता. इंग्रजी रंगभूमीवर 'स्टेज आयरिशमन' नावाचं एक सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दारू पिणारा, बडबड्या, मूर्ख, चेहऱ्यावर हसू. स्वराज्य दारात आलंय असं वाटत असताना लोकांना ते सोंग नको होतं. खडूसरावांचा मुद्दा त्यामुळे अगदीच टाकाऊ नाही.

खडूस_वाचक

'अगदीच टाकाऊ नाही' याबद्दल मास्तरांचे आभार. प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवतो.

पावसाळी_पाहुणी

खडूसराव, थोडं मान्य, थोडं नाही.

मान्य हे की मेरी एलनला वाचताना मलाही बोचलं. मळकट, केस विस्कटलेली, काही विचारलं की भांबावलेली. लंडनच्या प्रेक्षकांना तिच्यावर हसताना मी डोळ्यांसमोर आणलं आणि बरं वाटलं नाही. वेस्टपोर्टच्या पोरांच्या बहिणीही कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासत असतीलच.

पण फसतं कोण, ते बघा. गाव नाही फसत. गावाला मनातून ठाऊक आहे की जनरल नाही. फसतं सरकार, आणि स्वतःला शहाणा समजणारा साहेबी अधिकारी. धक्का गावाला हवाच आहे, तो नुसत्या अर्जाने कधी मिळाला असता? डॉक्टरला इंग्रज राजवटीचा कारभार आतून कळलाय: कागद आला की सत्य झालं. त्या कागदाच्या जोरावर तो पुतळा उभा करतो. 'स्पॅनिश गोल्ड'मध्येही शेवटी शहाणा कोण ठरतो? आयरिशशिवाय काही येत नाही असं सोंग घेणारा म्हातारा.

आणि तो फक्त गरिबांनाच हसला असं नाही. १९१२ मध्ये त्याने 'द रेड हँड ऑफ अल्स्टर' लिहिली. त्या वर्षी होमरूल बिल आलं होतं आणि अल्स्टरचे प्रॉटेस्टंट शपथा घेत होते की आम्ही लढू, पण डब्लिनच्या राज्याखाली जाणार नाही. म्हणजे हॅनेचं स्वतःचं गाव, स्वतःची माणसं. कादंबरीत एक आयरिश-अमेरिकन कोट्यधीश त्यांना शस्त्रं पुरवतो, कारण त्याला इंग्लंडची जिरवायची आहे. पुढारी नुसती भाषणं ठोकत असतात, पण लोक ती खरी मानून खरंच लढायला उभे राहतात. शेवटी इंग्लंड कंटाळून म्हणतं, घ्या तुमचं आयर्लंड, आम्ही निघालो! इंग्लंडबरोबर राहण्यासाठी लढणाऱ्यांच्या पदरी स्वातंत्र्य पडतं. पुढे एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात अल्स्टरवाल्यांनी खरोखरच हजारो रायफली उतरवल्या. थट्टेतला माल दोन वर्षांच्या आत धक्क्याला लागला.

इतिहासाचा_मास्तर

सुमारे पंचवीस हजार रायफली. एका रात्रीत.

अवांतर_अण्णा

दंग्यानंतर पाद्रीबुवांचं काय झालं? परत गावात आले का? माझं चहाचं आधण उकळून गेलं तुमच्या नादात.

पावसाळी_पाहुणी

राहायला नाही आला. हे थोडक्यात आटपते. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत व्याख्यानं दिली आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. पन्नाशीचा असताना, १९१६ मध्ये, सैन्याचा पाद्री म्हणून फ्रान्सला गेला आणि त्यावर 'अ पाद्रे इन फ्रान्स' हे पुस्तक लिहिलं. परतल्यावर किल्डेअर परगण्यात कारनॉलवेला काही काळ, मग लॉर्ड लेफ्टनंटचा चॅपलिन. अण्णा, हसू येतं की नाही? ज्या पदाची नाटकात पार रेवडी उडवली, त्याच्याच घरचा पाद्री. १९२२ मध्ये आयर्लंडची फाळणी झालेली, यादवी पेटलेली, आणि हा बुडापेस्टला ब्रिटिश वकिलातीचा चॅपलिन म्हणून निघून गेला. १९२४ ते १९३४ इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या मेल्स गावी. पोरांना शिकवतो ते 'लिटल जॅक हॉर्नर' ज्या घराण्यावर बेतलंय अशी दंतकथा आहे, ते हॉर्नर याच गावचे. तिथे बायको गेली, १९३३ मध्ये. मग अखेरपर्यंत लंडनमध्ये केन्सिंग्टनच्या एका चर्चमध्ये. २ फेब्रुवारी १९५० ला वारला. साठाच्या वर पुस्तकं. लिहिणं आणि प्रवचन दोन्ही शेवटपर्यंत चालू.

मला चटका लागतो तो इथे: ज्याने स्वतःला आयरिश राष्ट्रवादी म्हणवलं, आयरिश भाषेसाठी स्वतःच्या लोकांचा रोष ओढवला, त्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षं आयर्लंडबाहेर गेली. नवं राज्य त्याच्या ओळखीच्याच माणसांनी उभं केलं. ग्रिफिथ नव्या सरकारचा प्रमुख झाला, हाइड पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. हा मेल्समध्ये बसून मेयोवर कादंबऱ्या लिहीत राहिला.

खडूस_वाचक

हाइड पण प्रॉटेस्टंट ना? पाद्र्याचा मुलगा?

इतिहासाचा_मास्तर

हो. म्हणजे पंथ एकच, वाट वेगळी. पण हाइडने कादंबऱ्या लिहून कुणाच्या फादरची थट्टा केली नव्हती. त्याने गाणी गोळा केली, कॉनॉटची लोकगीतं. गाणी गोळा करणाऱ्याला गाव चहा पाजतं.

मी_आपली_उगीच

मास्तर, हे शेवटचं वाक्य चोरणार आहे मी.

चिंचगूळ

पुस्तकं मिळतात कुठे? आणि विनोद आज कळतो का, की तळटीपा चाळत बसायचं?

पावसाळी_पाहुणी

लेखक जाऊन सत्तर वर्षं उलटली, स्वामित्वहक्क संपले. 'स्पॅनिश गोल्ड', 'जनरल जॉन रीगन' आणि बरीच बाकीची प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. सुरुवात 'जनरल'पासून कर. तळटीप लागत नाही, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव: लॉर्ड लेफ्टनंट म्हणजे राजाचा प्रतिनिधी, शोभेचा, चीफ सेक्रेटरी म्हणजे खरा कारभारी. १९२१ आणि १९३३ मध्ये 'जनरल'वर चित्रपटही निघाले होते. मी पाहिले नाहीत.

खरं सांगायचं तर सगळीच पुस्तकं सारखी नाहीत. पैशासाठी दरवर्षी एक-दोन पाडायचा, त्यामुळे मेल्डन आणि ओग्रेडी वेगवेगळी नावं घेऊन परत परत येतात. चौथ्या पुस्तकात थापेचा सांधा दिसायला लागतो. त्याची जी सुरुवातीची गंभीर पुस्तकं कुणी वाचत नाही, त्यांत 'हायसिंथ' मला सर्वांत जास्त लागलं. शेवटाकडे नायक दमून इंग्लंडला जातो आणि तिथे पाद्री होतो. हे त्याने १९०६ मध्ये लिहिलं. स्वतः त्याच वाटेने मेल्सला पोचायच्या अठरा वर्षं आधी.

वसईचा_बावकर

हे वाचून अंगावर काटा आला. आता 'हायसिंथ' वाचणार. आणि त्या नटाचं पुढे काय झालं, कुणाला कळलं तर इथे टाका. लेखकाला नाव मिळालं, गावाला नाव मिळालं, मार मात्र त्या बिचाऱ्याने खाल्ला.

पावसाळी_पाहुणी

पुढच्या वेळी वेस्टपोर्टला गेले की त्या दुकानदार आजोबांना विचारते. रीक पुन्हा ढगात असेलच.

खडूस_वाचक

चार दिवसांनी परत आलोय. 'जनरल' डाऊनलोड केलं, लोकलमध्ये वाचतोय, दहाव्या प्रकरणापर्यंत आलोय. मेरी एलनबद्दलचं माझं मत कायम आहे, ते बदलणार नाही.

पण आज ऑफिसात मीटिंग होती. साहेब म्हणाले, "ते मागच्या महिन्यातल्या सर्क्युलरप्रमाणे करायचंय." टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर वहीत लिहूनही घेतलं. मी पण डोलावली. बाहेर आल्यावर बाजूच्या टेबलवाल्याला हळूच विचारलं, कुठलं सर्क्युलर रे? तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असेल.

उद्या समिती नेमतायत.